खेळता खेळता मराठी

(आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

गणपती बाप्पा मोरया! जमलेल्या सर्व वडीलधाऱ्यांनो, बंधू-भगिनींनो आणि मागच्या रांगेत मोबाइल घेऊन बसलेल्या बाळगोपाळांनो,

आज बोलायचं आहे ते त्या मोबाइलबद्दलच. पण घाबरू नका, रागवायला आम्ही उभे राहिलेलो नाही.

आपण धुळ्याहून, नंदुरबारहून, जळगावहून सुरतेला आणि पुढे कामरेजला आलो. आपल्याला गुजराती कुणी शिकवली? कुणीच नाही. लूमच्या खात्यात शेठचं बोलणं कळलं नाही तर काम अडायचं, शेरीतली पोरं खेळायला घ्यायची नाहीत. गरज पडली, चुकलो, लोक हसले आणि बघता बघता बोलू लागलो.

आपल्या मुलांचं उलटं झालं आहे. शाळेत आणि शेरीत गुजराती, मित्रांत हिंदी, अभ्यासाला इंग्रजी. मराठी ही त्यांची दुसरी भाषा झाली. आपण मराठीत विचारतो, ती गुजरातीत उत्तर देतात. गावाहून आजीचा फोन आला की ‘हो’, ‘बरं’ म्हणून फोन आपल्या हातात देतात. आजीला वाटतं, नातवाला माया नाही. माया असते, शब्द नसतात.

आमच्या घरातही हेच होतं. मग मुलगा चाळीसगावच्या आतेभावासोबत बीजीएमआय खेळू लागला. चौघांची टोळी, कानाला हेडफोन आणि सतत बोलणं. एकदा आतेभाऊ गवतात लपला होता. आमचा मुलगा ओरडला, “उभा राहा, उभा राहा!” गुजरातीत ‘ऊभो रहे’ म्हणजे थांब. आतेभावानं ऐकलं मराठीत. तो बिचारा उठून उभा राहिला आणि क्षणात बाद झाला! त्या दिवशी आमच्या मुलाला ‘थांब’ हा शब्द जो पाठ झाला, तो आम्ही दहा वर्षं सांगूनही झाला नव्हता.

काही महिन्यांनी आजीचा फोन आला. मुलानं फोन घेतला आणि आतेभावाच्या थाटात अहिराणीतच विचारलं, “आजी, काय करी राहिनी?” पलीकडे क्षणभर कुणी बोललंच नाही. मग आजी अर्धा तास बोलत होती. त्या दिवशी फोन आमच्या हातात आलाच नाही.

घरात मराठी मालिका तर रोज चालतात, मग त्यानं भाषा का येत नाही? २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी माणूस समोर बसून बोलला, खेळला; काहींना तेच पडद्यावर दाखवलं. माणसासोबत खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता आले, पडद्यावाल्यांना नाही. ती तान्ही बाळं होती, आपली मुलं मोठी आहेत. तरी मुद्दा पटण्यासारखा आहे. मालिका आपल्या उत्तराची वाट बघत नाही. आतेभाऊ बघतो.

म्हणून दिवसभर खेळा, असं मात्र आम्ही म्हणत नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मुलं शिव्याही तितक्याच लवकर शिकतात. डोळे, झोप, अभ्यास, पैसे हे सगळं सांभाळायला हवं. आमच्या घरी नियम साधा आहे: रविवारी एक तास, टोळीत फक्त नात्यातली मुलं आणि हेडफोन न लावता, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं. नेमबाजीचे खेळ नको असतील तर लुडो आहे, बुद्धिबळ आहे. खेळ कोणता, यापेक्षा समोर मराठी बोलणारं कोण आहे, ते महत्त्वाचं.

आणि खेळातून बोलणं येईल, वाचणं येणार नाही. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नाही. क, ख, ज, फ, ब वेगळी दिसतात. तिथे बसून गिरवावंच लागतं. आपलं कामरेज एके काळी बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात होतं. तिथले सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आले, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे ते मराठी, गुजराती, इंग्रजी शिकले आणि १९०६ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बाराव्या वर्षी सुरुवात करूनही उशीर झाला नाही. आपल्या मुलांनाही झालेला नाही.

तेव्हा दोन कामं करू या. प्रत्येक घरानं गावाकडच्या एका भावंडाशी आपल्या मुलाची रविवारची जोडी लावावी. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांनी रोज एक ओळ देवनागरीत लिहावी, चुकली तरी चालेल. फक्त आपण हसायचं नाही. आपल्या गुजरातीला शेरीतले लोक हसले होते, पण त्यांनी आपल्याला खेळायला घेतलं होतं, हे विसरू नका.

पुढच्या गणेशोत्सवात या व्यासपीठावर सूत्रसंचालन मुलांनीच करावं, मराठीतून. आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.

गणपती बाप्पा मोरया!