संगणक, पडदा आणि चित्राचा हिशेब

नवा दूरचित्रवाणी-संच घरांत आला, संगणकाची तार त्यास जोडली, कीं बहुतेक मंडळी दिसेल तो सर्वांत मोठा आंकडा निवडून मोकळी होतात. मग १९३६ सालचा ‘संत तुकाराम’सारखा कृष्णधवल बोलपट लावावा, तों मंद उजेडांतील चेहरे काळोखांत बुडतात आणि परदेशीं वाढलेल्या नातवासाठीं लावलेला भाषांतराचा मजकूर तळाशीं कापला जातो. दोष बोलपटाचा नसतो, पडद्याचाही नसतो. दोन यंत्रांचें मोजमाप जुळलेलें नसतें.

पहिला प्रश्न आकाराचा. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असेल, तर संगणकानें नेमके तितकेच बिंदू पाठवावे. ३८४० गुणिले २१६० चा असेल, तर तितके. तरीही कडा कापल्या गेल्या, तर ती ‘ओव्हरस्कॅन’ची करामत समजावी. जुन्या कांचनळीच्या संचांत चित्राच्या कडा नीट दिसत नसत, म्हणून त्या चौकटीआड लपवीत. नळी गेली, पण ती चाल कांहीं संचांत राहिली. ती संचांतच बंद करावी. संगणकांत चित्र आकसून घेतल्यास मजकूर दिसेल खरा, पण बिंदूस बिंदू न जुळल्यानें चित्र धूसर होतें.

दुसरा प्रश्न वेगाचा. बोलपट सेकंदास २४ चित्रांनीं चालतो. कित्येक डिजिटल प्रतींत हाच आंकडा २३.९७६ असतो. पडदा सेकंदास ६० वेळां चित्र बदलीत असेल, तर एक चित्र दोनदां आणि पुढचें तीनदां दाखवावें लागतें, व संथपणें सरकणारें दृश्य अडखळतें. संचास मान्य असल्यास संगणकाचा वेग प्रतीच्या आंकड्याप्रमाणें ठेवावा. भारतांतील दूरचित्रवाणीच्या जुन्या मुद्रणांत मात्र सेकंदास २५ चित्रें असतात. त्यांस ५० चा वेग मानवतो.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. चित्रफितींत सामान्यतः काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. संगणक स्वतः ० पासून २५५ पर्यंत मोजतो. पहिल्या रीतीस ‘लिमिटेड’ व दुसरीस ‘फुल’ म्हणतात. संगणकानें ‘फुल’ पाठविलें आणि संच ‘लिमिटेड’ समजून बसला, तर १६ च्या खालच्या साऱ्या छटा एकाच काळोखांत जातात. उलट झालें, तर काळोखही राखेसारखा दिसतो. दोहोंपैकीं कोणतीही रीत चालेल. मात्र दोन्ही यंत्रांत ती एकच हवी.

हे तिन्ही बदल एकदम करूं नयेत. एक बदल करावा, अंधाऱ्या प्रसंगाचा तोच तुकडा पुन्हां पाहावा आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. तसें केल्यास कोणत्या बदलानें काय सुधारलें, हें घरांतील कोणासही सांगतां येतें.