गोपालपुऱ्याहून बैराट : चार सायकलींची यात्रा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या आरंभीच्या दिवसांविषयी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. गणेशोत्सवाविषयी आणि नाटकांविषयी इतर वक्ते अधिकाराने बोलतीलच. आम्हां चौघा मित्रांच्या गाठीशी आहेत त्या केवळ चार सायकली, आणि त्यांवरून केलेली जुन्या देवळांची भटकंती. तीच आपल्यापुढे ठेवतो.

त्या काळचे गोपालपुरा आजच्या तरुणांच्या डोळ्यांपुढे उभे राहणे कठीण. आज शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी जेथे आकाश झाकले आहे, तेथे तेव्हा वस्ती विरळ होती. वारा सुटला की वाळू थेट स्वयंपाकघरात येई. आमच्यापैकी एक बँकेत, दोघे कचेरीत आणि एक शाळेत, असे नोकरीनिमित्त येथे येऊन पडलो होतो. पगारातला मोठा वाटा मनिऑर्डरने गावी जाई. उरलेल्या पैशांत प्रवासाची हौस बसणे शक्य नव्हते. सायकल मात्र प्रत्येकाकडे होती. दरमहा प्रत्येकी दोन रुपये एका डब्यात टाकावयाचे आणि डब्याने परवानगी दिली की निघावयाचे, असा आमचा नियम होता.

प्रथम जवळचे सांगानेर झाले. तेथील संघीजींच्या जैन मंदिराचे कोरीव काम पाहिले. मग आंबेरला गेलो. राजा मानसिंहाचा पुत्र जगतसिंह याच्या स्मरणार्थ उभारलेले जगत् शिरोमणी मंदिर पाहिले. तेथील कृष्णमूर्ती मीराबाईंच्या पूजेतली, अशी लोकांची श्रद्धा आहे. परंतु आज कबूल करावयास हरकत नाही, की आम्ही पाहत होतो येथले आणि मनात होते तिकडचे. "आमचे अंबरनाथ पाहा, सिन्नरचे गोंदेश्वर पाहा," असे म्हणतच आम्ही प्रत्येक देवळाची पायरी उतरत असू.

या बाबतीत सर्वांत पुढे होते ते आमचे जुन्नरचे स्नेही. त्यांचे मन येथे रमलेच नाही. बदलीचा अर्ज लिहून त्यांनी खिशात ठेवला होता. "ही माती आपली नव्हे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यावरून आमचे खटकेही उडत. एकदा तर आठवडाभर अबोला होता.

अशा मनःस्थितीत नाताळच्या सुट्टीत आम्ही बैराटला निघालो. तेच महाभारतातले विराटनगर, असे परंपरा मानते. कॅरियरला पथारी, पिशवीत दशम्या व शेंगदाण्याची चटणी, आणि चौघांत मिळून एक पंप व एक पाना. आंबेर, अचरोल, चंदवाजी करीत रात्री शाहपुऱ्याच्या धर्मशाळेत टेकलो. वाटेत दोन पंक्चर झाली; थंडीने बोटे इतकी बधिर झाली होती, की ट्यूब बाहेर काढणेही जमेना.

दुसऱ्या दिवशी बीजक की पहाडी चढलो. माथ्यावर प्रचंड शिळा, आणि त्यांच्या आधाराने केलेले दोन सपाट टप्पे. वरच्यावर बौद्ध विहाराचे अवशेष, खालच्यावर मंदिराचे. हे मंदिर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातले, अशोकाच्या काळातले मानतात. दयाराम सहानी यांनी १९३५-३६ साली येथे उत्खनन केले. आज देऊळ म्हणून काही उभे नाही; जमिनीलगत केवळ विटांचे एक वर्तुळ उरले आहे. आमच्यातील एकजण निराशेने म्हणाले, "एवढ्यासाठी पाय मोडून घेतले?"

आमच्या शिक्षकमित्रांनी ग्रंथालयातून टिपणे काढून आणली होती. ती त्यांनी वाचावयास सुरुवात केली : या गोल भिंतीत विटांच्या मधून मधून २६ लाकडी खांब होते, ते अष्टकोनी होते, आणि आगीत ते जळून गेले. 'अष्टकोनी' हा शब्द ऐकताच जुन्नरचे स्नेही उठले. त्यांनी त्या वर्तुळाला एक फेरी घातली, मग दुसरी घातली. "अहो, हे आमचे तुळजा लेणे!" ते म्हणाले. जुन्नरच्या त्या लेण्यात चैत्यगृह गोल आहे आणि स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत. ते दगडात कोरलेले म्हणून टिकले. येथले लाकडाचे, म्हणून गेले. लहानपणी आईचे बोट धरून पाहिलेली ती आकृती त्यांना घरापासून इतक्या दूर, उघड्या आकाशाखाली भेटली होती.

टिपणांत आणखी एक नोंद होती. विहारात एका मडक्यात चांदीची ३६ नाणी सापडली. त्यांतील २८ ग्रीक व हिंदी-ग्रीक राजांची होती. म्हणजे परक्या मुलखाचे नाणे या टेकडीवर आमच्या आधी दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन पोहोचले होते.

उतरताना एका गुराख्याने विचारले, "कठै सूं आया?" असे कोणी विचारले, की आमचे स्नेही 'जुन्नर' असे सांगत आणि मग जुन्नर कोठे आहे ते समजावीत बसत. त्या दिवशी ते म्हणाले, "जैपर सूं." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले, पण कोणी काही बोललो नाही.

या गोष्टीचा शेवट मात्र कथेतल्यासारखा झाला नाही. वृद्ध आईवडिलांकडे पाहणारे कोणी नव्हते. त्यामुळे पुढच्या वर्षी त्यांनी तो अर्ज दिला आणि ते जुन्नरच्या बाजूस गेले. जाताना आपली सायकल मंडळाला देऊन गेले. या सभागृहात बसलेल्या कित्येकांनी सायकल शिकताना जे गुडघे फोडून घेतले, ते त्याच सायकलीवर.

मित्रहो, परमुलखात राहणाऱ्याने आपले गाव विसरावे, असे आम्ही म्हणत नाही. जुन्नर विसरले असते, तर बैराट ओळखू आले नसते. पण गावची आठवण केवळ तुलना करण्यासाठी वापरली, तर ती डोळ्यांवरची पट्टी होते; हे आम्हांला त्या टेकडीवर कळले. म्हणून विनंती एवढीच, की या हिवाळ्यात एखाद्या रविवारी मुलांना सायकलीवरून निदान सांगानेरपर्यंत न्यावे. डब्यात फार पैसे लागत नाहीत. पंप मात्र न विसरता बरोबर घ्यावा.