माथेरानचें चिमुकलें एंजिन



या क्षणीं माझ्यासमोर टेबलावर एक पितळी एंजिन उभें आहे. आपणांस तें दिसत नाहीं, ही नभोवाणीवर बोलणाराची नेहमींचीच अडचण. म्हणून आधीं त्याचें थोडें वर्णन करतों. एंजिन हातभर लांबीचें आहे. त्यास चाकें सहा. मागें कोळशापाण्याचा वेगळा डबा नाहीं; पाण्याच्या टांक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांस चिकटलेल्या आहेत. चाकें सांगाड्याच्या आंत दडलेलीं असून बाहेर दिसतात ते केवळ दांडे आणि त्यांस फिरविणाऱ्या भुजा. खालीं स्पिरिटचा दिवा लाविला, कीं पांच-दहा मिनिटांत वाफ धरते आणि हा चिमुकला जीव फुसफुसत चालूं लागतो.

ही प्रतिकृति आहे नेरळ-माथेरान मार्गावरील जुन्या वाफेच्या एंजिनाची. माथेरानची गाडी आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल, पुष्कळांनीं लहानपणीं तींतून प्रवासहि केला असेल. परंतु ती गाडी ज्या एंजिनांनीं प्रथम डोंगरावर चढविली, त्यांच्यांत विशेष काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मीहि तें विचारलें नव्हतें. तें मला या खेळण्यानें शिकविलें, आणि तेंहि माझी चूक माझ्या पदरांत घालून!

प्रथम मार्गाची हकीगत सांगतों. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं माथेरानचा डोंगर पाहिला आणि तेथें थंड हवेचें ठिकाण वसूं लागलें. मुंबई-पुणें लोहमार्गावरील नेरळपर्यंत आगगाडी, आणि तेथून पुढें घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय, असा तेथील प्रवास होता. मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें हा प्रवास सुकर करण्याचें मनावर घेतलें. पैसा वडिलांचा आणि खटपट चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. काम १९०४ सालीं सुरू झालें, त्यास सुमारें १६ लाख रुपये लागले, आणि १९०७ सालीं गाडी धांवूं लागली. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. मार्गाची लांबी सुमारें २० किलोमीटर, म्हणजे साडेबारा मैल. आणि तेवढ्यांत चढ सुमारें अडीच हजार फुटांचा. कांहीं ठिकाणीं तर वीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, इतका तो खडा आहे.

आतां पेंच असा, कीं डोंगर सरळ चढतां येत नाहीं. निलगिरीच्या मार्गावर रुळांच्या मध्यें दांतेरी पट्टी बसवून एंजिनानें ती धरून चढावें, अशी योजना आहे. माथेरानला तसें न करतां केवळ चाकांच्या पकडीवर चढण्याचें ठरलें. मग वाट डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळवीत नेणें क्रमप्राप्तच होतें. पकड हवी तर एंजिनाचें वजन ओढणाऱ्या चाकांवर पडलें पाहिजे, आणि हलक्या रुळांवर तें वजन अधिक चाकांत वांटलें गेलें तर बरें. म्हणजे चाकें सहा हवींत. परंतु सहा चाकें एका ताठ सांगाड्यांत बसविलीं, कीं तें एंजिन अडचणीच्या वळणावर अडखळतें. दार्जिलिंगच्या प्रसिद्ध एंजिनांनीं चारच चाकें जवळजवळ ठेवून ही अडचण टाळली. माथेरानच्या वांट्यास मात्र ती आलीच.

येथें माझ्या पितळी एंजिनाची गोष्ट येते. रेल्वेच्या कारखान्यांत हयात घालविलेल्या एका वृद्ध कारागिराकडून मीं तें करवून घेतलें. जुन्या आराखड्यावरून काम करतांना ते एकदां म्हणाले, "साहेब, पुढचा आणि मागचा आंस दुहेरी आहे. एकांत एक. करायला वेळ लागेल." मीं म्हटलें, "अहो, बाहेरून दिसतें तेवढें करा. आंतलें कोण पाहतो?" ते किंचित् हंसले आणि म्हणाले, "मग तें वळायचं नाहीं." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

एंजिन घरीं आलें. सरळ रुळांवर तें डौलानें चाललें. मुलांनीं हट्ट धरला म्हणून मीं एका फळीवर वळणाचे रूळ ठोकले, आणि पहिल्याच फेरीस एंजिन वळणावर कचकन् अडून खालीं आलें. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेसहि तेंच. मी संतापलों, काम कच्चें झालें, असा निरोपहि त्या गृहस्थांस पाठविला. ते आले, एंजिन उलटें करून माझ्या हातांत दिलें आणि म्हणाले, "आतां हीं चाकें जरा तिरपीं करून दाखवा." तीं तसूभर हलेनात. मग माझ्या ध्यानांत आलें.

वाफेच्या एंजिनांत सर्व चाकें एका दांड्यानें जोडलेलीं असतात, म्हणून सर्व आंस एकमेकांस समांतरच राहिले पाहिजेत. एखादा आंस वळणाच्या रोखानें तिरपा झाला, कीं दांडा अडतो. दांड्याची मागणी ताठपणाची आणि रुळाची मागणी लवचिकपणाची! सॅक्सनीच्या रेल्वेंतील क्लीन आणि लिंडनर या दोन अभियंत्यांनीं हा तंटा मोठ्या युक्तीनें सोडविला. त्यांनीं आंस दोन केले. आंतला आंस भरीव. तो सांगाड्यांत बसतो, दांड्यांनीं फिरतो आणि नेहमीं समांतर राहतो. त्याच्या भोंवतीं एक पोकळ आंस, आणि चाकें आहेत तीं या पोकळ आंसावर. आंतल्या आंसाच्या मधोमध एक गोळा असतो आणि त्यांतून आरपार एक खीळ. त्या खिळीमुळें फिरण्याचा जोर बाहेरच्या आंसास मिळतो, आणि गोळ्यामुळें तो आंस चाकांसह वळणाच्या रोखानें थोडा कलूं शकतो.

माथेरानच्या एंजिनांत हीच योजना होती. त्यांची आंखणी एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांची. बार्शी लाइट रेल्वेचे म्हणून महाराष्ट्रास ते परिचित आहेत. बांधणी झाली जर्मनींतील ऑरेन्स्टाइन आणि कॉपेल यांच्या कारखान्यांत. अशीं एंजिनें केवळ चार आलीं. दोन १९०५ सालचीं आणि दोन १९०७ सालचीं. पुढें त्यांस ७३८ ते ७४१ हे क्रमांक मिळाले. चारच भावंडांचें हें कुळ, पण १९०७ पासून पाऊणशें वर्षें या मार्गावर वाफेचें राज्य राहिलें. १९५० नंतरच्या दशकांत डीझेल एंजिनें आलीं, आणि १९८२ च्या सुमारास वाफेची शेवटची शिटी वाजली. आज त्यांतील एक एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत उभें आहे, आणि एक तर समुद्र ओलांडून इंग्लंडांत लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे गेलें आहे. संग्रहालयांत जाणारे लोक त्याचा धुराडा पाहतात, घंटा पाहतात, मुलांस वर चढवून छायाचित्र घेतात. ज्या गोष्टीमुळें तें माथेरानला पोहोंचलें, ती मात्र वांकून पाहिल्यावांचून दिसत नाहीं. आणि वांकून पाहिलें तरी वरचा पोकळ आंसच दिसतो!

माझ्या एंजिनाचे दोन्ही आंस त्या कारागिरांनीं नव्यानें करून बसविले. त्याचे अधिक पैसे त्यांनीं घेतले नाहींत. "निरोप मात्र मागें घ्या," एवढेंच म्हणाले. तो मीं त्याच दिवशीं घेतला, आणि आज आपणां सर्वांदेखत पुन्हां घेतों. एंजिन आतां त्याच फळीवर, त्याच वळणावरून, न अडखळतां फिरतें.

आपण पुढच्या खेपेस माथेरानास जाल, तेव्हां गाडी वळणावर कुरकुरूं लागली कीं क्षणभर खिडकींतून खालीं पाहा. शंभर वर्षांपूर्वीं याच वळणांवरून तीं चार एंजिनें कशी वाट काढीत गेलीं असतील, याची आपणांस कल्पना येईल.