दस्त्यावरचे डाग

बाबांच्या जुन्या एअर रायफलचा लाकडी दस्ता मी आधी बिघडवला, मग सुधारला. आज तेच सांगतो.

रायफल रिकामी आहे ना ते बघून दस्ता सुटा केला, जुनं पॉलिश घासलं आणि अक्रोडी ऑइल स्टेन फिरवला. सकाळी बघतो तर मधे फिकट ठिपके आणि मागचं टोक काळंकुट्ट! फिकट जागी जुनं पॉलिश उरलेलं, रंग आत शिरलाच नाही. टोकाला लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, तिथे तो जास्त मुरतो.

मी घाईत वरून दुसरा हात मारला. फिकट तसंच राहिलं, काळं आणखी काळं झालं.

असा स्टेन ओला असताना टर्पेंटाइनच्या फडक्याने बराच उतरतो. वाळला की घासणं आलं. १२०, १८०, २२० असा पॉलिश पेपर, तोही रेषांच्या दिशेनेच. टोकाला ३२०, म्हणजे रंग कमी मुरतो. मग टर्पेंटाइन फिरवलं, कारण उरलेलं पॉलिश ओल्यात लगेच दिसतं. रंगाचा नमुना बट प्लेटखाली घेतला.

लोखंड बसतं त्या खाचेला पेपर लावू नका. बसणी ढिली होते. मुठीजवळ बाबांच्या हाताच्या घामातेलाने काळवंडलेली जागा होती. तीही घासायला घेतली होती, पण थांबलो. तो डाग ही चूक नव्हतीच.

शेवटी जवसाचं तेल लावलंत तर फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

भेटू पुढच्या भागात.