दोन रुपयांचा वैरी



मानपाडा म्हटलं की ठाणेकरांना घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा आठवतो. मी बोलणार आहे तो दुसरा, डोंबिवलीच्या पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्याला लागून असलेला. आज तिथे इमारतींची दाटी आहे. १९८४ साली मी पंधरा वर्षांचा होतो, तेव्हा आजूबाजूला आगरी लोकांची भातशेती होती आणि शेतांच्या पलीकडे एमआयडीसीची धुराडी. अब्बा तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर जायचे. आणि एका तबेल्याच्या मागे पत्र्याची एक शेड होती.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. त्या शेडमध्ये ही दोन्ही यंत्रं होती, दाराला गोणपाटाचा पडदा होता आणि खाली बसायलाही गोणपाटच. आम्ही त्याला नुसतं ‘व्हिडिओ’ म्हणायचो. तिकीट दोन रुपये. आखातात नोकरीला गेलेल्या कुणाच्या तरी सामानातून कॅसेटी यायच्या आणि त्यांत हाँगकाँगचे कुंग-फूचे सिनेमे असायचे. वरची चिठ्ठी बहुधा चुकीची असायची. मी काय काय पाहिलं होतं, त्याची खरी नावं मला फार नंतर, डीव्हीडीच्या काळात कळली.

या सिनेमांची थट्टा करणं सोपं आहे आणि ती त्यांनी स्वतःच ओढवून घेतली आहे. चित्रीकरण मुकं व्हायचं आणि आवाज नंतर चढवले जायचे. त्यामुळे बुक्की कुठेही बसो, आवाज एकच, ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा. इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाचे ओठ वाक्य संपल्यावरही हलत राहायचे. आम्हाला ते इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून त्याचा त्रासही झाला नाही. गोष्ट बहुतेक वेळा एकच असायची : गुरूला मारलं, शिष्य पळाला, शिकला, परत आला आणि सूड घेतला.

नक्कल तर विचारूच नका. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये वारला. वय अवघं ३२. पण धंद्याला तो जिवंत हवा होता. मग तैवानचा हो चुंग-ताओ नावाचा नट पुढे आणला गेला आणि त्याला जवळजवळ तेच नाव दिलं गेलं. इंग्रजीत स्पेलिंग तेवढं बदललेलं; देवनागरीत लिहिलं तर दोघेही ब्रूस लीच! १९७८ च्या ‘गेम ऑफ डेथ’मध्ये तर खऱ्या ब्रूस लीची मोजकीच दृश्यं आहेत. बाकीचं काम तोतयांनी केलं. एका ठिकाणी आरशावर त्याच्या चेहऱ्याचं चित्र चिकटवून वेळ मारून नेली आहे आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रणही कथेत वापरून टाकलं आहे. हे आजही पाहवत नाही.

मग आम्ही तिथे का जायचो? त्याचं उत्तर मला १९७८ च्या ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये सापडतं. शॉ ब्रदर्सचा सिनेमा, दिग्दर्शक लाउ कार-लिउंग, नायक गॉर्डन लिउ. हा दिग्दर्शक स्वतः कुंग-फू जाणणाऱ्या घराण्यातला. म्हणूनच असेल, सिनेमाचा मोठा भाग त्याने हाणामारीवर न घालवता शिकण्यावर घालवला आहे. नायक मठात येतो आणि त्याला कोणी लढायला शिकवतच नाही. जेवणघराकडे जाताना वाटेत पाणी आहे, त्यात तरंगत्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे जायचं. पडलात तर भिजलात. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन चढण चढायची, आणि दंडांना आतल्या बाजूने सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की सुरी बरगडीत. अशी एकेक खोली पार करत पस्तीस खोल्या. आणि शेवटी हा माणूस छत्तिसावी खोली मागतो, कशासाठी? मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी.

गोणपाटावर बसलेल्या आम्हा कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या पोरांना यात आमचीच गोष्ट दिसत होती. हिंदी सिनेमातला नायक जन्मतःच दहा जणांना लोळवायचा. हा मात्र पडायचा, भिजायचा, पुन्हा उठायचा. अंगात नसलेली गोष्ट मेहनतीने अंगात आणता येते, आणि त्याला भांडवल लागतं ते दोन बादल्यांचं, हे आम्हाला कोणत्याही शाळेने इतकं पटवून दिलं नव्हतं. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो. वृत्त हाताशी येईना तेव्हा रोज रात्री चार ओळी लिहायच्या आणि सकाळी फाडायच्या, असं दोन वर्षं केलं. घरात मराठी कवितेची परंपरा नव्हती. दंडाला सुऱ्या बांधलेला तो माणूस होता.

लढाईचं चित्रणही प्रामाणिक. कॅमेरा लांब उभा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि हालचाल पुरी होईपर्यंत दृश्य तुटत नाही. तिथे खोटं करायला वाव कमी. पैसे नव्हते, म्हणून शरीर खर्च केलं.

पण श्रोतेहो, पैसे नसले की माणूस कुठे ना कुठे काटकसर करतो. या सिनेमांनी ती कुठे केली, हे मला एका संध्याकाळी कळलं. सिनेमा होता जिमी वँग यूचा, १९७६ चा ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’. त्यात कुस्तीच्या फडासारखी स्पर्धा आहे आणि तिच्यात एक भारतीय योगी उतरतो. शेडमध्ये शिट्ट्या झाल्या. आपला माणूस! मग तो लढू लागला आणि त्याचे हात रबरासारखे लांब होऊ लागले. योग म्हणजे हे! अंगाला रंग फासलेला कोणी तिकडचाच नट होता तो. आधी हसू आलं. मग पुढे तो दुष्टांच्या बाजूला गेला आणि मारला गेला. तेव्हा शिट्टी कोणी वाजवली नाही.

मला त्यानंतर ब्रूस लीचा १९७२ चा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ पुन्हा आठवला. त्यात चिनी माणसांना बागेत मज्जाव करणारी पाटी आहे. ती पाटी तो उडी मारून लाथेने फोडतो, तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो होतो. त्या फाटकावर पहारा देणारा एक शीख आहे. घरापासून हजारो मैलांवर पगारासाठी उभा असलेला आपल्याकडचाच माणूस. आमच्यापैकी एकानेही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. सिनेमा सुटला की आम्ही शेतात कुंग-फू खेळायचो. अम्मीचं लाटणं तोडून त्याला सायकलची साखळी जोडलेली, तिने माझंच कपाळ फुटलेलं. नायक कोण आणि वैरी कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल उसळली आणि तिची झळ ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत आली. आमच्या आळीत काही घडलं नाही. व्हिडिओ काही दिवस बंद राहिला, पुन्हा सुरू झाला, आम्ही पुन्हा शेतात जमलो. त्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नाहीत. ‘तू तिकडचा हो,’ असं कोणीतरी मला म्हणालं. त्याच्या मनात काही वाईट नसावं. मी तिकडचा झालो. दुसऱ्या दिवशीही झालो. मी मरायचो फार छान. बांधावरून घरंगळत खाचरापर्यंत जायचो, सगळे टाळ्या वाजवायचे. आठवडाभर रोज मेलो.

मग माझा एक आगरी मित्र होता, तो एका संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधीच पुढे आला आणि म्हणाला, ‘आज मी मरतो.’ एवढंच. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या.

स्वस्त सिनेमाचा पडदा हलला, भिंत डुगडुगली, तरी मला चालतं. त्याने वैऱ्याच्या चेहऱ्यावर केलेली काटकसर मला चालत नाही. वेणी दिसली की मांचू, तलवार दिसली की जपानी, पागोटं दिसलं की योगी. मारायला सोपा. महागड्या सिनेमांतही हेच चालतं. तिथे तर गरिबीचं निमित्तही नाही.

आणि हे टाळता येत होतं, याचा पुरावा त्याच लाउ कार-लिउंगने दिला आहे. तोच स्टुडिओ, तोच नायक, तेच १९७८ साल, सिनेमा ‘हीरोज ऑफ द ईस्ट’. चिनी नवरा, जपानी बायको, आणि कोणाच्या देशाची विद्या श्रेष्ठ यावरून घरात भांडण. ती रुसून माहेरी जाते. तिने परत यावं म्हणून हा पत्रातून आव्हान देतो, तर त्याचा अर्थ भलताच लागतो आणि जपानचे एकेक उस्ताद लढायला येऊन उभे राहतात. या भूमिका जपानी नटांनीच केल्या आहेत. प्रत्येकाची विद्या वेगळी आणि प्रत्येकीचा मान राखलेला. लढती होतात, हार-जीत होते, पण मरत कोणीच नाही.

गेल्या वर्षी मी हा सिनेमा माझ्या त्या मित्राला दाखवला. त्याच्या भातशेतीच्या जागी आता सात मजले आहेत आणि त्यातल्या तिसऱ्यावर तो राहतो. सिनेमा संपला तेव्हा तो जरा गोंधळला. म्हणाला, ‘अरे, यात कोणी मेलंच नाही!’

मी विचारलं, ‘मग? पैसे वसूल नाही झाले का?’

थोडा विचार करून तो म्हणाला, ‘दोन रुपये झाले.’

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)