किती वॅटचा घेऊ?

सणासुदीचे दिवस आले, हातात चार पैसे पडले, की घराघरांत एक चर्चा सुरू होते. मोठा टीव्ही तर आला, आता त्याला शोभेल असा आवाज हवा. गाणीही त्यावरच ऐकायची आणि सिनेमेही त्यावरच पाहायचे. मग बापलेक दुकानात जातात, काउंटरवर कोपर टेकतात आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवून विचारतात, "किती वॅटचा?" दुकानदाराचं उत्तर तयारच असतं. माझ्या मते हा प्रश्न विचारायचा, पण चौथा किंवा पाचवा. त्याच्या आधीच्या प्रश्नांबद्दल आज बोलायचं आहे.

मी इंजिनिअर नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ऐकण्याचा नाद जुना. त्यापायी मुंबईतला लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली पुष्कळ पालथी घातली आहे. तिथल्या कारागिरांनी जे शिकवलं, त्यावर हे बोलणं उभं आहे.

आधी वॅटचं भूत उतरवू. १९९०च्या दशकातली म्युझिक सिस्टिमची खोकी आठवा. त्यांवर 'पीएमपीओ' असं लिहून पुढे हजारांत आकडा असे. तळहाताएवढा स्पीकर आणि दोन हजार वॅट! तेवढ्या विजेवर गीझर चालतो. यंत्र एखाद्या क्षणापुरतं, वेडंवाकडं का होईना, किती ओरडेल याचा तो फुगवलेला हिशेब होता. बघायचा तो 'आरएमएस'चा आकडा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती शक्ती. पण तोही बारीक अक्षरांसकट वाचावा. 'सात चॅनेल, प्रत्येकी शंभर वॅट' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत कळतं, की हे शंभर वॅट एकच चॅनेल चालू असताना, ६ ओहमवर आणि १० टक्के विकृती धरून मोजलेत. १० टक्के विकृती म्हणजे फाटलेला आवाज. ८ ओहमवर, दोन्ही चॅनेल चालू ठेवून, एक टक्क्याहून कमी विकृतीत मोजलेले ५० वॅट मला त्या शंभरापेक्षा मोठे वाटतात.

दुसरं असं, की वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. तो कानाला कळतो, पण थोडाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा पन्नासच्या जागी शंभर वॅटचा घेण्यासाठी खिसा रिकामा करण्याआधी स्पीकरकडे बघा. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हे स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तिला संवेदनशीलता म्हणतात. एकाची ८४ आणि दुसऱ्याची ९० असेल, तर पहिल्याला तेवढाच आवाज काढायला चौपट वॅट लागतात. म्हणून आधी स्पीकर ठरवावा, मग त्याला पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर.

दहा बाय बाराच्या खोलीत आपलं रोजचं ऐकणं एखाद्या वॅटवरही भागतं. मग बाकीचे वॅट कशाला? तबल्यावरच्या जोरकस थापेला, सिनेमातल्या स्फोटाला त्या क्षणापुरती दहापट, कधी शंभरपट शक्ती लागते. तिथे अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपला, की ध्वनीच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. तो आवाज कानाला टोचतो, आणि सतत तसंच पिळत राहिलं तर ट्वीटर जळण्याची भीती असते. साध्या स्पीकरना आणि लहान खोलीला ४० ते ६० खरे वॅट पुरतात. खोली मोठी किंवा स्पीकर मंद असेल, तरच पुढे जा. ४ ओहमचा स्पीकर असेल, तर तो अ‍ॅम्प्लिफायरला चालतो का, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. ते वाचा.

आता खरा पेच. गाण्याला दोन चॅनेल पुरतात. साठच्या दशकापर्यंतची आपली बहुतेक चित्रपटगीतं तर मोनोच आहेत. सिनेमाचं तसं नाही. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल पडद्यावर आलं आणि समोर तीन, बाजूला दोन, शिवाय खर्जासाठी एक असा सहा वाटांचा आवाज हळूहळू घरातही शिरला. त्यासाठी एव्ही रिसीव्हर लागतो. पण सारख्याच किमतीच्या दोन यंत्रांत रिसीव्हरचे पैसे सात अ‍ॅम्प्लिफायर, चित्राची सर्किटं आणि डिकोडर यांत वाटले जातात. दोन चॅनेलवाल्यात ते दोघांवरच खर्च होतात. त्यामुळे गाणं रोज आणि सिनेमा महिन्यातून एकदा, अशा घरानं दोन चॅनेलचाच घ्यावा, असं मी बेधडक सांगतो.

आमच्या घरात मात्र मी उलट निर्णय घेतला, आणि तो एका माणसासाठी. माझी अम्मी ऐंशीच्या पुढची. तिला ऐकू कमी येतं. तिची खाट डाव्या भिंतीला. सिनेमा लागला की ती विचारायची, "क्या बोल्या वो?" नातू एकदा सांगायचा, दोनदा सांगायचा, तिसऱ्यांदा वैतागायचा. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. मग सिनेमाला बसणंही सोडलं. आतल्या खोलीत तसबीह घेऊन बसू लागली. घरातलं एक माणूस असं न भांडता मैफलीतून उठून गेलं, की आवाजाचा प्रश्न चैनीचा राहत नाही.

कारण साधं होतं. सिनेमातले संवाद बहुतांशी मधल्या, सेंटर वाटेनं येतात. दोनच स्पीकर असले, की ते दोघांत वाटले जातात आणि बरोबर मध्ये बसलेल्यालाच समोरून ऐकू येतात. कडेला बसलेल्याला जवळच्या स्पीकरमधून सगळ्याचा एकच गोळा येतो. आम्ही रिसीव्हर घेतला आणि समोर तीन स्पीकर लावले. मागचे दोन लावलेच नाहीत. सेंटरची पातळी ३ डेसिबलनं चढवली. 'नाइट मोड' चालू केला. त्यात मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज वर येतात. १९६०चा 'मुगल-ए-आझम' २००४ मध्ये रंगीत होऊन डॉल्बी आवाजात पुन्हा आला होता. तो लावला. मध्यंतरापर्यंत अम्मीनं कुणाला काही विचारलं नाही. उलट पुढचा संवाद तीच आधी म्हणत होती, आणि नातू तिला गप्प करत होता.

गाणं ऐकताना याच रिसीव्हरवर मी 'डायरेक्ट'चं बटण दाबतो आणि दोनच स्पीकर चालवतो. घेताना त्याच्या पाठीला 'प्री-आउट' आहे ना, एवढं बघून घेतलं. पुढे ऐपत झाली, तर वेगळा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर त्याला जोडता येईल. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर लावणार असाल, तर रिसीव्हरमध्ये समोरचे स्पीकर 'स्मॉल' करून सीमा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. खर्जाचा जड बोजा तिकडे गेला, की रिसीव्हर सुटसुटीत होतो. मात्र खर्ज भिंत ओलांडतो. शेजाऱ्यांशी बोलणं असू द्या.

दुकानात जाताना पाठ असलेलं गाणं आणि संवादांचा एखादा प्रसंग बरोबर न्या, आणि म्हणा, "जरा हळू करा." दुकानदार स्फोट ऐकवतो, आणि जे यंत्र खपवायचं ते किंचित मोठ्यानं लावतो. दीड-दोन डेसिबलनं मोठं असलेलं आपल्याला हटकून चांगलं वाटतं. हळू आवाजातही शब्द सुटे ऐकू आले पाहिजेत. घरी आणल्यावर त्याला शोकेसमध्ये कोंडू नका, वर तीन-चार इंच मोकळे ठेवा. त्यावर क्रोशाचा रुमाल तर मुळीच नको. आपल्याकडे नव्या वस्तूला पदर घेतल्याशिवाय चैन पडत नाही! फरशी आणि काच आवाज परतवतात. सतरंजी नि जाड पडदा हा सगळ्यात स्वस्त सुधार.

आणि माळ्यावर जुना दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तो चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. कपॅसिटर बदलले, खरखरणारं व्हॉल्यूमचं बटण साफ केलं, की पुष्कळदा ते यंत्र पुन्हा उभं राहतं. नव्या टीव्हीचा आवाज बहुधा ऑप्टिकल वायरीनं बाहेर पडतो. तो जुन्या यंत्राला कळेल असा करून देणारी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी बाजारात मिळते. ती जोडून काहीच ऐकू आलं नाही, तर घाबरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवा.