समाजकार्याला डिग्री कशाला?



आपल्या बॅचमध्ये शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, कुणी बँकेत, कुणी पोलिसात आहे. त्यांना ‘नेमकं काय करतोस?’ असं कुणी विचारत नाही. मला मात्र डिंगोऱ्यात, ओतूरच्या बाजारात, अगदी सोयरिकीच्या बैठकीतही विचारलं गेलं, “एम.एस.डब्ल्यू. म्हणजे काय? समाजसेवेला डिग्री कशाला लागते?” आता आपलीच मुलं कॉलेजच्या वयात आलीत, म्हणून आज सगळ्यांसमोर उत्तर देतो.

या विषयाचं रीतसर शिक्षण भारतात 1936 साली मुंबईत सुरू झालं. तीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्यात 1963 पासून कर्वे समाजसेवा संस्था आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू शकतो. वर्गात समुदाय संघटन, गटकार्य, संशोधन, सामाजिक धोरण असे विषय असतात. पण खरी कसोटी क्षेत्रकार्याची. आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा गावात काम करायचं, अहवाल लिहायचा आणि त्यातल्या वाक्यावाक्याचा सरांना जाब द्यायचा. ‘लोक उदासीन आहेत’ असं लिहिलं की सर विचारणार, “कोणते लोक? बायकांशी बोललात? बैठक भातलावणीच्या दिवसांत ठेवली होती का?”

हे प्रश्न अनुभवातून आलेत. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. ‘गटविकास अधिकारी’ या नावातला ‘गट’ तेव्हाचाच. पण योजना वरून आल्या आणि लोक बघे राहिले. 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीनं हे दाखवून दिलं आणि त्यातूनच पंचायत राज आलं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासून सुरू झाल्या.

लोकांना धरून केलेलं काम पाहायचं तर शेजारच्या आंबेगावात जावं. डिंभे धरणात तिथल्या आदिवासींच्या जमिनी गेल्या. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं त्यांच्यासोबत काम केलं. डोंगरउतारावर एकमेकांच्या रानात मिळून राबायचं आणि बांध घालून भातखाचरं तयार करायची, ही तिथली जुनी रीत. तिला पडकई म्हणतात. या कामाला रोजगार हमीतून मजुरी मिळावी म्हणून संस्थेनं पाठपुरावा केला. जलाशयात मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. 2012 साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकई लोकांकडे होतीच. ती ओळखायची आणि सरकारी कागदात बसवायची, यासाठी मात्र शिक्षण लागतं.

आता पोटापाण्याचं. संस्थांमध्ये, रुग्णालयांत, ‘उमेद’सारख्या अभियानांत नोकऱ्या आहेत. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तिथेही माणसं लागतात. पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बरीचशी कामं कंत्राटी. प्रकल्प संपला की नोकरी संपते. माझी पहिली नोकरी अशीच गेली, आणि पुढचे काही महिने घरच्या कांद्यावर निघाले. घरच्यांनी हे आधीच धरून चालावं. मुलगी हा विषय निवडत असेल तर तिच्या गावोगाव फिरण्यावर नंतर हरकत घेऊ नये.

आपल्या मुलांना एक फायदा आहे. पाण्याची पाळी, हिरड्याचा भाव, उसातला बिबट्या हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. अडचणही तिथेच आहे. आपल्याला गाव माहीत आहे असं वाटतं आणि मग माणूस विचारायचं सोडून देतो.

म्हणून गुरुजनांना आणि पालकांना एक सुचवतो. या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या मुलाला प्रवेश अर्ज भरण्याआधी दोन ग्रामसभांना बसवा. कोण बोललं, कोण गप्प राहिलं आणि कोण आलंच नाही, हे त्याला लिहून काढू द्या. न आलेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारावंसं त्याला वाटलं, तर त्याला खुशाल पाठवा.